युद्धकाळातल्या विषयावर मुलांनी स्वतः शोध घ्यायचा तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी आठवी-नववीची मुलं युद्धकाळातला एखादा विषय घेऊन स्वतः शोधायला बसतात आणि मी त्यांच्या बाजूला असते. शिक्षक काय, पालक काय, सगळे साधारण तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. उदाहरणं बहुतेक दोन महायुद्धांची आहेत, कारण त्यांचे कागद सगळ्यात जास्त खुले झालेत, पण पद्धत कुठल्याही युद्धाला चालते.

मुलीने विषय घेतलाय "दुसरं महायुद्ध". चालेल का?

इतका मोठा नको. त्यात तिला स्वतः शोधण्यासारखं काही उरतच नाही, पोलंडवर हल्ला झाला, पर्ल हार्बर झालं, हिरोशिमा झालं, संपलं, आणि ती दहा वेबसाईटवरून थोडं थोडं उचलून वहीत उतरवणार. पण तिला "नाही" म्हणून परत पाठवू नका, ह्यातलं नेमकं काय वाचताना तू थांबलीस ते विचारा.

माझ्याकडे एक मुलगी "युद्धात लोक काय खायचे" असा विषय घेऊन आली होती. तिने ब्रिटनचं रेशनिंग घेतलं, ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली इथून तारखांची यादी करत गेली आणि एके ठिकाणी अडकली. पाव! अख्खं युद्धभर पाव रेशनवर नव्हताच, तो आला जुलै १९४६ मध्ये, युद्ध संपून वर्ष होत आल्यावर. ती वही घेऊन माझ्याकडे आली, "मॅडम, जिंकल्यावर पाव कमी कसा काय झाला?" तिथे तिचा विषय सापडला. मग ती गव्हाच्या जगभरच्या तुटवड्यापर्यंत पोचली, हरलेल्या जर्मनीचा जो भाग ब्रिटनच्या ताब्यात होता तिथल्या लोकांना जगवायची जबाबदारी कोणाची इथपर्यंत पोचली, आणि मांसावरचं रेशन तर थेट ४ जुलै १९५४ ला उठलं हे वाचून तिला धक्काच बसला. हे सगळं तिने शोधलं कारण प्रश्न तिचा होता.

एक हॉस्पिटल, एक जहाज, एक पूल, एक सरकारी हुकूम, एक दिवस, एवढ्यावर आणा. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात डिसेंबर १९१४ पासून जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं, तिथे वेगवेगळ्या धर्मा-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं होती आणि पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते. एवढ्या एका गोष्टीवर नववीचं मूल दोन महिने रमतं.

"स्वतंत्रपणे" म्हणजे आम्ही काहीच मदत करायची नाही का?

करायची, भरपूर करायची, फक्त उत्तर तुमच्या हातून जायला नको. मला जे सांगायचंय ते सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल अडकलं की आपल्याला राहवत नाही. आपण पटकन फोन घेतो, शोधतो, लिंक पाठवतो आणि तिथून पुढे तो शोध आपला होतो, मूल फक्त उतरवून काढतं. त्याऐवजी शेजारी बसा आणि विचारा: हे तुला कुठून कळलं? हे लिहिणारा माणूस तेव्हा तिथे होता का? ह्याच्या उलट कोणी काही सांगितलंय का? मी हे इतक्या वेळा विचारते की आता मुलंच एकमेकांना विचारायला लागलीत. आणि कीबोर्डला हात लावायचा नाही, हे बंधन मी स्वतःवर घालून घेतलंय.

एका वर्षी एका मुलाचा प्रोजेक्ट बघून सगळे थक्क झाले होते, मोठा नकाशा, रंगीत बाण, सैन्य कुठून कुठे गेलं सगळं. मी सहज विचारलं की हा बाण इथे एवढा का वळलाय रे, तर तो मान खाली घालून गप्प. नकाशा घरातल्या मोठ्यांनी केला होता. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं कारण त्याला नकाशे मनापासून आवडायचे, एकच वाकडातिकडा बाण त्याने स्वतः काढला असता तर तो का वळला ते सांगताना थांबला नसता.

मोठ्यांची कामं वेगळी आहेत आणि ती खरंच लागतात. अकाउंट काढून देणं, परवानगी घेणं, लायब्ररीत सोबत जाणं, किचकट इंग्रजी वाक्य एकत्र बसून फोडणं, आणि भयंकर फोटो मुलाच्या आधी आपण बघून घेणं.

विकिपीडियावरून सुरुवात केली तर चालते का?

चालते की. तारखा, नावं, गावं, कोण कोणाच्या बाजूने, हे तिथून कळतं. लेखाच्या तळाशी जे संदर्भ असतात त्यातला निदान एक उघडून वाचायचा असा माझ्याकडे नियम आहे. दोन भाषांमधला एकाच लढाईवरचा लेख शेजारी शेजारी उघडून बघायला सांगा, कोणी काय वगळलंय ते मुलांना लगेच दिसतं.

प्राथमिक साधन, दुय्यम साधन हे मुलांना कसं समजवायचं?

व्याख्या सांगू नका, एक कागद हातात द्या. माझा आवडता कागद म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश सैन्याचं छापील पोस्टकार्ड. त्याच्या प्रती ऑनलाईन सहज मिळतात. त्यावर वाक्यं आधीच छापलेली: मी ठणठणीत आहे. मला हॉस्पिटलमध्ये दाखल केलंय. तुझं पत्र मिळालं. बरेच दिवसांत तुझं पत्र नाही. सैनिकाने नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख टाकायची, बस. वर सूचना छापलेली की ह्याशिवाय काहीही लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल.

हे कार्ड मी वर्गात देते आणि दहा मिनिटं काहीच बोलत नाही. मुलं आधी म्हणतात ह्यात काय, काहीच लिहिलेलं नाही. मग कोणीतरी म्हणतं की ह्याच्यावर "मला भीती वाटतेय" असं वाक्यच नाहीये. कोणी म्हणतं की आईला फक्त सहीवरून कळायचं की पोरगा जिवंत आहे. मग प्रश्न येतो की असं कार्ड छापलं कशाला, वेळ वाचवायला, की सैनिकाने जास्त काही सांगू नये म्हणून? त्या काळातला, त्या माणसाच्या हाताने खोडलेला कागद म्हणजे प्राथमिक साधन, आणि त्याबद्दल नंतर कोणी लिहिलं ते दुय्यम, हे आता सांगितलं की डोक्यात बसतं.

एक खाचखळगा आहे. प्राथमिक म्हणजे खरंच असेल असं नाही. सरकारी पत्रक खोटं असू शकतं, आणि प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाची चाळीस वर्षांनंतरची आठवण सरकलेली असू शकते.

सर्च केलं तर काहीच सापडत नाही किंवा लाखभर रिझल्ट येतात. काय करायचं?

शब्द बदलायचे. ह्यावर आम्ही अख्खा एक तास घालवतो आणि तो वाया जात नाही.

तेव्हाचे लोक कुठला शब्द वापरायचे ते आधी शोधा. १९१६ च्या वर्तमानपत्रात "पहिलं महायुद्ध" असं शोधून काय मिळणार, दुसरं अजून व्हायचं होतं, इंग्रजीत तेव्हा त्याला "ग्रेट वॉर" म्हणत. गावांची नावं बदललीत, आजचं ग्दान्स्क तेव्हा डॅन्झिग होतं, ल्विव्हला लेम्बर्ग म्हणायचे, सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड आणि मग लेनिनग्राड झालं. इराकमधल्या मोहिमेचे कागद "मेसोपोटेमिया" ह्या नावाखाली सापडतात. भारतीय सैनिकांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, एकाच आडनावाची चार स्पेलिंग करून बघा, पाचवं करून बघा, चिकाटी लागते ह्याला.

तारखांचंही तसंच. रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, कारण तिथे जुनं कॅलेंडर चालू होतं. युरोपातला विजय दिवस ब्रिटनमध्ये ८ मे आणि रशियात ९ मे, कारण जर्मनीची शरणागती लागू झाली तेव्हा मॉस्कोत तारीख उलटून गेली होती. मूल म्हणतं एका वेबसाईटवर चुकलंय, आणि मग कळतं की दोन्ही बरोबर आहेत.

भरवशाच्या वेबसाईट कुठल्या?

विषयावर आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, ही संस्था १९१७ पासून आहे आणि नावाने शोधता येतं. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियमही १९१७ चंच, फोटो, पोस्टर, मुलाखतींचे ऑडिओ भरपूर. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसने १९१४ मध्ये एक खास एजन्सी उघडली होती, तिची कार्डं आता ऑनलाईन आहेत. नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांसाठी जर्मनीतलं आरोल्सन अर्काइव्ह्ज. जुनी वर्तमानपत्रं हवीत तर ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीचं ट्रोव्ह फुकट आहे आणि मुलांना वापरायला सोपं जातं. शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, नाईक यशवंत घाडगे ह्यांना इटलीतल्या १० जुलै १९४४ च्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तसल्या पदकांमागचा अधिकृत मजकूर तिथे वाचता येतो.

सामान्य माणसांच्या आठवणी हव्या असतील तर बीबीसीने २००३ ते २००६ मध्ये गोळा केलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारे ४७,००० गोष्टी आहेत. त्या लोकांनी साठ वर्षांनंतर स्वतः सांगितलेल्या आहेत, तपासलेल्या नाहीत, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पण एखादी वाचायला घेतली की सोडवत नाही.

नाव शोधलं, मिळालंच नाही. म्हणजे तो माणूस युद्धात नव्हता?

असं अजिबात धरू नका. कागद जळतात. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवा-नोंदी लंडनमध्ये ठेवल्या होत्या, सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यातल्या अंदाजे ६० टक्के जळून गेल्या. म्हणजे दुसऱ्या युद्धाने पहिल्याची स्मृती जाळली, हे ऐकून वर्गात एकदम शांतता होते. अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकी फाईली गेल्या.

आणि काही नावं मुळात लिहिलीच नाहीत. वर ज्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं नाव घेतलं त्यांच्याच चौकशी समितीने २०२१ मध्ये कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, कदाचित त्याहून कितीतरी जास्त, एकतर नावाने नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही, आणि ही माणसं मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली होती. माझ्या एका विद्यार्थ्याला तीन आठवडे एक नाव सापडत नव्हतं, तो रडकुंडीला आला होता, हे वाचल्यावर म्हणाला की मग मी हेच लिहितो, नाव का नाही ते. फार चांगलं लिहिलं त्याने.

घरात जुनं मेडल असेल तर त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून चमकवू नका, तिरका उजेड पाडा आणि भिंगाने वाचा, अक्षरं उमटून दिसतात.

सैनिकांची पत्रं मुलांना वाचायला द्यावीत का?

जरूर द्या, पण पत्र आपल्यापर्यंत कसं पोचलं ते आधी कळलं पाहिजे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची १९१४-१५ ची जी पत्रं आज वाचायला मिळतात ती बहुतेक सेन्सॉरच्या रिपोर्टमधून उरलीत. म्हणजे सैनिक बोलला, पुष्कळदा त्याला लिहिता येत नसल्यामुळे दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, सेन्सॉर ऑफिसने वाचलं, त्यातला हवा तो भाग इंग्रजीत केला आणि तो इंग्रजी कागद उरला. मूळ पत्रं फारशी राहिली नाहीत. मुलांना मी विचारते की ह्यात सैनिकाचा आवाज किती आणि बाकीच्यांचा किती.

सैनिकांनाही माहीत होतं की कोणीतरी वाचतंय. म्हणून ते काळी मिरी आणि लाल मिरची असं लिहायचे, काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, आणि कुठली किती उरलीय त्यावरून घरच्यांनी काय ते समजायचं. सेन्सॉरनेही ते ओळखलं होतंच, नाहीतर आपल्याला कळलं नसतं. मुलांना हे कळलं की ती पुढच्या प्रत्येक पत्रात काय लिहिलं नाहीये ते शोधायला लागतात, आणि तेच तर हवंय.

फोटो खरा आहे की नाही कसं ओळखायचं?

"खरा की खोटा" एवढंच विचारू नका, कोणी काढला, कधी, कशासाठी, आणि ह्याच्या आधी-नंतरचे फोटो कुठे आहेत ते विचारा. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन झेंडा उभारतानाचा तो प्रसिद्ध फोटो, २३ फेब्रुवारी १९४५, जो रोझेन्थल ह्यांनी काढलेला. फोटो खराच आहे, पण त्या दिवशी त्या डोंगरावरचा तो दुसरा झेंडा होता, पहिला लहान होता म्हणून मोठा लावला. आणि फोटोतली सहा माणसं कोण ह्याची अधिकृत यादी नंतर तीनदा सुधारावी लागली, १९४७, २०१६ आणि २०१९ मध्ये. २०१६ च्या दुरुस्तीची सुरुवात हौशी अभ्यासकांनी करून दिली, त्यांनी त्याच दिवशीचे इतर फोटो घेऊन पॅन्टचे दुमडलेले पाय, हेल्मेटखालची टोपी असले तपशील जुळवत बसून दाखवून दिलं की हा माणूस तो नव्हेच. सत्तर वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला फोटो, आणि घरी बसून बघणाऱ्यांना चूक सापडली! हे सांगितल्यावर मुलं फोटोला नाक लावून बघायला लागतात.

बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत झेंड्याचा फोटो, येवगेनी खाल्देई ह्यांनी २ मे १९४५ ला काढलेला, त्यात तर छापायच्या आधी बदलच केला होता. एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती, त्यातलं एक खरवडून काढलं, लुटीचं वाटू नये म्हणून, आणि मागचा धूर गडद केला. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा आणि फरक मुलांना शोधू द्या, तुम्ही बोट दाखवू नका.

वेगवेगळ्या ठिकाणी मृतांचे आकडे वेगवेगळे आहेत. कुठला लिहायचा?

दोन्ही लिहा, आणि कोणी सांगितला तेही लिहा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बहल्ला झाला, नाझी प्रचारयंत्रणेने दोन लाख मेले असं पसरवलं आणि तो आकडा पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिला, शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये सांगितलं की जास्तीत जास्त २५,०००. पंचवीस हजार माणसं म्हणजेही किती भयंकर आहे, पण आकडा कोणाला कशासाठी फुगवायचा होता हे कळल्याशिवाय तो उतरवून घ्यायचा नाही. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला त्यातल्या मृतांचा आकडाही ८०० पासून १,३०० पर्यंत सापडतो, आणि तेव्हा बातम्यांवर सेन्सॉर होता हे लक्षात घेतलं की असं का ते उलगडायला लागतं.

भाषांतरातला एक घोळ मात्र दर वर्षी होतो. इंग्रजीत "कॅज्युअल्टी" असतं, मुलं आणि ट्रान्सलेट करणारी ॲप्स सरळ "मृत" करून टाकतात. सैन्याच्या हिशोबात त्यात मृत, जखमी, बेपत्ता, कैदी सगळे येतात. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिशांच्या कॅज्युअल्टी ५७,४७० आणि त्यातले मृत १९,२४०. एका शब्दाने अडतीस हजार माणसं मरतात कागदावर.

एआय चॅटबॉट वापरू द्यायचा का?

मी बंदी घालत नाही, कारण घरी वापरणारच आहेत. शोधायचे शब्द सुचवायला, जुन्या इंग्रजी वाक्याचा अर्थ लावायला ठीक आहे. पण तो नसलेलं पुस्तक, नसलेलं पत्र, नसलेला सैनिक अगदी ठासून सांगू शकतो. म्हणून त्याने सांगितलेली कुठलीही गोष्ट दुसरीकडे प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत जात नाही. एकदा आम्ही मुद्दाम त्याला आमच्याच विषयावर विचारलं, विषय मुलांना पाठ होता, आणि चुका त्यांनी स्वतः लाल पेनाने काढल्या. त्यानंतर मला भाषण द्यावं लागलं नाही.

घरातल्या आजी-आजोबांची मुलाखत घ्यायची आहे. कशी घ्यायची?

आधी विचारून, आणि नाही म्हणाले तर नाही. युद्ध बघितलेली माणसं आता फार कमी उरलीत, त्यामुळे बहुतेक वेळा मुलाला मिळतात ती त्यांची मुलं, म्हणजे ऐकलेली आठवण. तीही मोलाची आहे, फक्त "हे तुम्ही बघितलं की ऐकलं?" हे प्रत्येक वेळी विचारायचं आणि नोंदवायचं.

"युद्ध कसं होतं?" असा प्रश्न विचारला की "वाईट होतं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा एखादी वस्तू समोर ठेवा, फोटो, पत्र, ट्रंक, आणि ही कुठे असायची, कोण उघडायचं असं विचारा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते बोलून घ्या. आणि समोरचं माणूस गप्प झालं तर मुलाने पुढचा प्रश्न रेटायचा नाही, शांत बसायचं, पाणी द्यायचं. "तुम्ही कोणाला मारलंत का" हा प्रश्न विचारायचा नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगते. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील.

छळछावण्या, बॉम्बहल्ले, मृतदेह, हे सगळं मुलांनी बघावं का?

वयाप्रमाणे. सगळं लपवलं तर युद्ध म्हणजे रणगाडे आणि विमानं एवढंच राहतं आणि ते मला त्याहून घातक वाटतं. पण मृतदेहांच्या ढिगाऱ्यांच्या फोटोंपेक्षा एका माणसाची गोष्ट मुलांना जास्त समजते आणि जास्त जपून समजते. इमेज सर्च मुलाला एकट्याने करू देऊ नका, आपण आधी बघा. आणि "आपण कैदी होऊन बघू", "तू पहारेकरी हो" असली नाटुकली करू नका, वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियमसुद्धा शिक्षकांना हे टाळायला सांगतं. मुलांना त्यातून ते दुःख कळत नाही, वर खेळ झाल्यासारखं होतं. एखादं मूल अचानक गप्प गप्प राहायला लागलं तर विषय बाजूला ठेवा, महिनाभर ठेवा, काही बिघडत नाही.

शत्रूच्या बाजूचं वाचायला दिलं तर मुलं गोंधळतील ना?

थोडी गोंधळू देत. युद्ध कधी सुरू झालं एवढंच विचारून बघा. युरोपात १ सप्टेंबर १९३९, चीनमध्ये ७ जुलै १९३७, सोव्हिएत रशियाच्या दृष्टीने त्यांचं मोठं युद्ध २२ जून १९४१ ला. तिन्ही उत्तरं का बरोबर आहेत हे ज्या मुलाला कळलं त्याला पुढे फार सांगावं लागत नाही. फक्त सगळ्या बाजू सारख्याच असं होऊ देऊ नका, प्रचारपत्रक हे प्रचारपत्रक म्हणूनच वाचायचं, ते कोणी छापलं आणि कोणासाठी ते वर लिहून.

नोंदी कशा ठेवायच्या?

एका कार्डावर एकच गोष्ट, खाली कुठून मिळाली, पान नंबर किंवा वेबसाईट, आणि बघितल्याची तारीख. स्वतःचा विचार दुसऱ्या रंगाने. जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरणचिन्हात, नाहीतर महिन्याने त्यालाच आठवत नाही की हे वाक्य आपलं की दुसऱ्याचं.

म्युझियमला किंवा अर्काइव्हला मेल पाठवला तर उत्तर देतात का?

बऱ्याचदा देतात, आणि मुलाच्या नावाने आलेल्या नेमक्या प्रश्नाला तर फार आपुलकीने देतात. "सगळी माहिती पाठवा" असं लिहू नये. मी अमुक शोधतेय, इथे इथे बघितलं, हे सापडलं, हे नाही, तुमच्याकडे आणखी कुठे बघावं? एवढंच, आणि खाली पालकांचा किंवा शाळेचा मेल, मुलाचा पत्ता-फोन नको. उत्तराला तीन-चार आठवडे लागतील असं धरून लवकर पाठवा.

शेवटी उत्तरच मिळालं नाही तर? किंवा मध्येच प्रश्न बदलला तर?

दोन्ही चालतं. उत्तर मिळालं नाही तर काय काय बघितलं, कुठे रस्ता बंद झाला आणि पुढच्याने कुठून सुरू करावं हे लिहून घ्या, मी त्याला पूर्ण मार्क देते. प्रश्न बदलला तर जुना प्रश्न खोडायचा नाही, वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट तसाच राहू द्यायचा आणि त्याच्या खाली नवा लिहायचा. त्या पाववाल्या मुलीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक पाच प्रश्न होते, शेवटचा प्रश्न प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशीचा.